धरेना, सोडेना

गाडीचं कौतुक ऐकायला मला आवडतं. कुणी ॲव्हरेजचे आकडे सांगतो, कुणी घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी कशी चढली ते सांगतो, कुणी नुसताच बोनेटवर हात फिरवत उभा राहतो. पण "आमच्या गाडीचा हँडब्रेक काय लागतो म्हणून सांगू!" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्येसुद्धा सगळे दिवस क्लच आणि गिअर यांचा मेळ घालण्यात जातात, आणि शेवटी मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणतात, "आणि हा हँडब्रेक." संपलं. चालवण्याची विद्या एवढी मोठी, उभं राहण्याची एका वाक्याची.

खेडेगावात हा विषय त्या एका वाक्यापर्यंतही पोचत नाही. गाडी उभी करायची, पहिला गिअर टाकायचा आणि चाकाखाली दगड सरकवायचा. दगडाचे फायदे उघड आहेत. तो फुकट मिळतो. त्याला ग्रीस लागत नाही. तो लागला आहे की नाही हे लांबूनही कळतं. हँडब्रेकचं तसं नाही. दांडा वर आहे एवढंच दिसतं, पुढचं सगळं श्रद्धेवर. माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, पिकअपमध्ये क्लीनरच्या पायाशी असा एक काळा, एका अंगाला सपाट दगड कायमचा मुक्कामाला आहे. टोमॅटोच्या हंगामात तो क्रेटांबरोबर नारायणगावच्या बाजारात जातो, आणि टोमॅटो कितीला का जाईनात, हा परत येतो. वहिनी म्हणतात, "गाडीचे कागद एखाद वेळेस घरी राहतील, पण दगड विसरायचे नाहीत हे."

ही पिकअप कोणत्या कंपनीची ते मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण इतकी वर्षं पळाल्यावर गाडी कंपनीची उरत नाही. हिचा आरसा एका गाडीचा, सीट दुसऱ्या गाडीचं, हॉर्न जत्रेतून आणलेला आणि मागच्या फाळक्यावरचा मजकूर पेंटरच्या मनाने. ती आता मिस्त्रींची गाडी आहे. दादा फक्त डिझेल भरतो.

पण वर्षातून एकदा तिला सरकारपुढे उभं राहावं लागतं. मालवाहू गाडीला तंदुरुस्तीचा दाखला लागतो, ज्याला सगळे पासिंग म्हणतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन-दोन वर्षांसाठी मिळतो, पुढे एकेका वर्षासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला ९६ वा नियम ब्रेकचा आहे. मोटारसायकलींसारखे काही अपवाद वगळता प्रत्येक गाडीला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत, एक पायाने लावायचा आणि एक उभ्या गाडीला धरून ठेवणारा, असं तो सांगतो. दगडाचा उल्लेख त्यात नाही. दादाचं म्हणणं, असायला हवा होता.

तर पासिंगची तारीख जवळ आली आणि गाडी मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडखाली गेली. मी सुट्टीला गावी होतो म्हणून बरोबर गेलो. मिस्त्रींनी दांडा ओढला. 'कर्' एवढाच आवाज झाला, दांडा जेमतेम दोन दाते वर आला आणि अडला. तेवढ्यात त्यांच्या हाताखालच्या पोराने, बारक्याने, मागून खांदा लावून गाडी हातभर पुढे सरकवून दाखवली. हे प्रात्यक्षिक त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं. मिस्त्री गाडीखाली वाकले, केबल दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाले, "जाम. दोन्ही काढाव्या लागतील."

हँडब्रेक आतून कसा चालतो हे एकदा बघितलं की त्याच्यावरचा राग जातो. दांड्याच्या बुडाशी दातेरी पट्टी आणि खटका असतो. ओढताना खटका एकेका दातावरून घसरत जातो, तोच तो कर्रर्र आवाज; सोडताना टोकाचं बटण दाबून खटका उचलावा लागतो. दांड्याची ओढ एका छोट्या केबलने गाडीच्या पोटाखाली जाते. तिथे एक आडवी लोखंडी पट्टी लोंबकळत असते आणि तिच्या दोन टोकांना दोन लांब केबल जोडलेल्या असतात, एक डाव्या मागच्या चाकाची, एक उजव्या. पट्टी मधोमध ओढली जाते. एक केबल जरा सैल पडलेली असली तर पट्टी तिच्याकडे कलते आणि दोन्हीकडची ओढ सारखी ठेवते. आमच्या भावकीत जे काम तलाठी, सरपंच आणि दोन वकील मिळून करू शकले नाहीत, ते ही वीतभर पट्टी चिखल खात बिनबोभाट करते.

केबलची कल्पना तर त्याहून हुशार. दोरीने काही ओढायचं तर दोरी सरळ हवी. वळण आलं की कप्पी लावा, दुसरं वळण आलं की दुसरी कप्पी. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडन नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. तार एका नळीत घालायची, नळी वळवता येईल अशी पण आखूड होणार नाही अशी करायची, आणि तिची दोन्ही टोकं पक्की बसवायची. आता आतली तार ओढली की तिचा जोर नळी उलट बाजूने सोसते, आणि मधे किती वळणं आहेत याच्याशी कुणाला घेणंदेणं राहत नाही. सायकलचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर, सगळ्यांना ही युक्ती पुरली. एवढ्या हुशार नळीत पाणी शिरलं तर त्याने बाहेर कुठून पडायचं, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला, आणि तो दादाच्या पिकअपपर्यंत चालत आला.

शेतातल्या रस्त्यावर खडी उडते, केबलवरचं प्लॅस्टिक कुठेतरी फाटतं, ओढ्यातून गाडी काढताना पाणी आत जातं आणि तिथेच राहतं. गंजाने लोखंड झिजतं एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि नळीत तर आधीच जागा नसते. तार आणि नळी एकमेकांत रुतून बसतात. रोज वापरातली केबल रोज थोडी मागेपुढे सरकते, त्यामुळे गंजाला बूड टेकायला मिळत नाही. दादाच्या गाडीत त्याला पुरेपूर निवांतपणा मिळाला. हँडब्रेक नीट लागत नाही म्हणून दगड आला, दगड आहे म्हणून हँडब्रेक कुणी ओढेना, ओढत नाही म्हणून तो मुळीच लागेना, आणि तो लागेना म्हणून दगडाची पत वाढत गेली.

कोकणातले ड्रायव्हर उलटं सांगतात, आणि तेही खरंच आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओल्या ड्रमला लायनर चिकटून बसतात आणि निघायच्या दिवशी गाडी जागची हलत नाही. म्हणजे वापरला नाही तर लागत नाही आणि लावून ठेवला तर सुटत नाही. मधल्या वाटेने चालणाऱ्या माणसांसाठी केलेली ही वस्तू आहे. ती माणसं गाड्या घेतात का, हे मला माहीत नाही.

दादाने सोपा उपाय सुचवला. "कापून काढा की मिस्त्री. नाहीतरी फेकायच्याच आहेत."

"आणि दुकानात काय दाखवू?" मिस्त्री म्हणाले.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. स्पेअर पार्टच्या दुकानात तुम्ही गाडीचं मॉडेल सांगा, साल सांगा, आरसी बुक दाखवा, चेसिस नंबर पाठ म्हणा, दुकानदार सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "सॅम्पल आणलंय का?" सॅम्पल म्हणजे तुमचा खराब झालेला मूळ पार्ट. तो काउंटरवर आपटला की मागच्या फळीवरून नवा येतो. नाही आपटला तर "मग बघून सांगतो." हा रिवाज कुणी घातला ते सांगता येणार नाही, पण त्यात शहाणपण आहे. जुन्या गाडीत आधीच्या मिस्त्रींनी काय काय बसवलेलं असतं हे कंपनीलाही माहीत नसतं. त्यामुळे केबल मरण पावलेली असली तरी तिला धड काढणं भाग होतं. टोकं हवीत, लांबी हवी, मधल्या पकडी हव्यात.

काम मागच्या चाकांचं, म्हणून गाडी मागून उचलायची. आता गिअरमध्ये टाकलेली गाडी इंजिनाच्या अडण्यावर उभी असते, पण या गाडीत इंजिनाचा संबंध फक्त मागच्या चाकांशी. हँडब्रेकही मागच्याच चाकांना. मागची दोन्ही चाकं हवेत गेली की गिअर आणि हँडब्रेक, दोघांनाही काही काम उरत नाही. गाडी पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी असते आणि तिच्या मनात आलं तर निघू शकते. बरं, एकच चाक उचललं तरी सुटका नाही. गाडी गिअरमध्ये असली तरी डिफरन्शियल उचललेल्या चाकाला उलटं फिरू देतं आणि जमिनीवरच्या चाकाला सुलटं. मुंबईत पूर्वी ज्या विलीज जीपा जोडल्या जायच्या, त्यांचा हँडब्रेक चाकांना नव्हताच. तो पुढे, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर बसायचा. केबल आखूड आणि पकड दांडगी. पण मागचं एक चाक जॅकवर घेतलं की डिफरन्शियलमुळे तोही निकामी.

थोडक्यात, हँडब्रेक दुरुस्त करायचा असेल तर पुढच्या चाकाला दगड लावावाच लागतो. मिस्त्रींनी हे सांगितल्यावर दादाने केबिनमधून आपला दगड आणला आणि पुढच्या चाकाला लावला. एवढं ताठ चालताना मी त्याला मुलीच्या लग्नात बघितलं होतं. मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूला आपल्याकडचा एक लावला, जॅक मारला, अॅक्सलखाली घोड्या सरकवल्या आणि गोणपाट अंथरून गाडीखाली गेले.

गाडीखाली गेलेल्या माणसाला बाहेरून बॅटरी धरणारा एक माणूस लागतो. तो मी. बॅटरी धरणाऱ्यांची बाजू मराठीत कुणी नीट मांडलेली नाही. आतला माणूस जिथे बघत असतो तिथे उजेड हवा असतो, आणि तो कुठे बघतो आहे ते बाहेरच्याला दिसत नसतं. "इकडं." म्हणजे कुणीकडं? "अहो, इकडं!" मग आपण अंदाजाने हात सरकवतो आणि उजेड थेट त्यांच्या डोळ्यांत जातो. मिस्त्री वयाने वडील, शिवाय मी पुण्यात नोकरीला असलेला पाहुणा, म्हणून "अहो" तरी आलं. बारक्या बॅटरी धरतो तेव्हा त्याला काय येतं ते मी दुसऱ्या दिवशी ऐकलं.

केबल गाडीच्या पोटाला ठिकठिकाणी पट्ट्यांनी अडकवलेली असते. त्या पट्ट्यांचे बोल्ट कधीकाळी बाराच्या पान्याचे होते. आता ते कशाचेच नव्हते. मिस्त्रींनी प्रत्येकावर ब्रशने डिझेल मारलं आणि बाहेर येऊन चहा सांगितला. गंजलेल्या बोल्टात डिझेल मुरायला किती वेळ लागतो हे गॅरेजमध्ये घड्याळावर मोजत नाहीत, चहावर मोजतात. साधा बोल्ट एक चहा, सायलेन्सरचा बोल्ट दोन चहा आणि जेवण. त्यांच्या फळीवर डब्ल्यूडी-फॉर्टीचा निळा-पिवळा डबाही होता. अमेरिकेत सॅन डिएगोला १९५३ साली क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते तयार झालं आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. मी ही माहिती चहाच्या वेळी दिली. मिस्त्रींनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "तो डबा कारवाल्यांसाठी. त्यांना फवारलेलं बरं वाटतं." मग ते पुन्हा डिझेलचा ब्रश घेऊन खाली गेले. चाळीस प्रयत्न केलेल्यांबद्दल मला जरा वाईट वाटलं.

चहा मुरला तेवढ्यात एक दहाचाकी ट्रक पंक्चर काढायला येऊन थांबला आणि ड्रायव्हरने ब्रेक लावताना मोठ्याने 'फुस्स' केलं. हा आवाज आपण आयुष्यभर ऐकतो, पण त्यात काय सांगितलेलं असतं ते फार थोड्यांना माहीत असतं. अवजड ट्रकांत हँडब्रेकचं काम एक जबर स्प्रिंग करते. टाकीतली हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते, तोवर चाकं मोकळी. हवा सोडली, किंवा पाइप फुटून आपोआप गेली, की स्प्रिंग पसरते आणि ब्रेक आवळला जातो. लहान गाडीला थांबवून ठेवायला खटपट करावी लागते; या ट्रकाला चालू द्यायला करावी लागते. हा विचार मला फार आवडला. कितीतरी माणसं आणि बहुतेक सगळ्या कचेऱ्या याच तत्त्वावर बांधलेल्या आहेत, हे दादा म्हणाला. तो सकाळीच सातबारा आणायला गेला होता.

आता ड्रम. चाक काढलं की आत लोखंडी ड्रम दिसतो आणि तो सहसा हाताने निघत नाही. नव्या माणसाने इथे घण उचलला असता. मिस्त्रींनी ड्रमवरची दोन छोटी भोकं शोधली, त्यांतला चिखल खिळ्याने कोरून काढला आणि आठ एमएमचे दोन बोल्ट त्यांत पिळायला सुरुवात केली. थोडा हा, थोडा तो. बोल्ट आत जातात, मागे टेकतात आणि ड्रम स्वतःच बाहेर यायला लागतो. ड्रम घडवणाऱ्यानेच तो काढायची सोय करून ठेवलेली असते, फक्त ती चिखलाखाली असते. तरीही लायनरनी घासून घासून ड्रमच्या आत जो काठ तयार केला होता, त्यात ते अडकलेच. मग मागच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक सैल केलं, आणि ड्रम आला. बारक्या सवयीने आतल्या धुळीवर फुंकर घालायला वाकला तर मिस्त्रींनी त्याची कॉलर धरली. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. तिथे फुंकर नाही, पाणी मारायचं. हे मिस्त्रींना कुठल्या कोर्सात शिकवलेलं नाही, त्यांचे उस्ताद खोकून गेले.

आत दोन शू, वर-खाली स्प्रिंगा आणि एक छोटा दांडा, ज्याच्या आकड्यात केबलचं टोक अडकतं. मिस्त्रींचा नियम असा की दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. एक बाजू उघडी असेल तेव्हा दुसरी मिटलेली हवी, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे होती याचं उत्तर तिकडे मिळतं. बारक्याने मोबाइलवर फोटोही काढला होता, पण त्यात प्रामुख्याने मिस्त्रींचा अंगठा आला होता. पकडीने वरची स्प्रिंग ओढताच ती सुटली आणि शेडच्या पत्र्यावर आवाज करून कुठेतरी गेली. सुटलेली स्प्रिंग शोधण्याची पद्धत सगळीकडे एकच आहे: सगळे जण जिथे आवाज झाला तिथे शोधतात, आणि ती तिथे नसते. ती टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये सापडली.

टोक सुटलं आणि दादा उठून उभा राहिला. त्याला वाटलं, झालं. मिस्त्री म्हणाले, "बसा. आत्ता कुठं सुरू होतंय."

केबलची नळी ज्या पत्र्यातून आत शिरते, तिथे तिच्या तोंडाला तीन स्प्रिंगदार कान असतात. भोकातून आत जाताना ते दबतात आणि पलीकडे गेले की फाकतात. कारखान्यात नवी गाडी उभी राहते तेव्हा 'टक्' एवढ्या एका आवाजात हे काम संपतं. गवताचं कुसळ धोतरात शिरतं तसं ते आहे: पुढे जायला एका पायावर तयार, मागे यायला नाही. केबल काढायची तर तिन्ही कान एकाच वेळी दाबले पाहिजेत. दोन दाबले की तिसरा फाकतो, तिसऱ्याकडे वळलं की पहिले दोन. माणसाला हात दोन, आणि त्या सांदीत त्यांतला एकच जातो. पत्र्याच्या आत चिखल, कानांवर गंज, आणि बाहेरून उजेड धरणारा मी.

या ठिकाणी मिस्त्रींनी पक्कड खाली ठेवली, केबलकडे बघितलं आणि जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो: "एवढी वर्षं हिनं गाडी धरली नाही. आता गाडीनं सोड म्हटलं तर गाडीला सोडत नाही."

केबलचा सगळा स्वभाव यात आला, असं मला वाटतं. जे काम नेमून दिलं होतं ते तिने कधीच सोडून दिलं होतं. जागा मात्र सोडली नव्हती. तिच्यावर काही अवलंबून नव्हतं, तिला कुणी हात लावत नव्हतं, आणि नेमक्या त्याच कारणाने ती इतकी पक्की झाली होती. जी केबल रोज ओढली जाते, तिचे कान एवढे गंजत नाहीत, ती वेळ आल्यावर निमूट निघते. सोसायटीच्या कमिट्यांत, साहित्य मंडळांत आणि लग्नाच्या पंक्तीत वाढायला उभ्या राहणाऱ्या काही वडीलधाऱ्यांत मी हा प्रकार बघितला आहे. तिथेही कापून काढा म्हणणारे खूप असतात, आणि तिथेही सॅम्पल लागतं.

मग मिस्त्रींनी बारक्याला तेराचा रिंग पाना आणायला सांगितलं. नट कुठेच नव्हता, म्हणून मी विचारलं, पाना कशाला? ते काही बोलले नाहीत. त्यांनी पान्याची रिंग केबलच्या सुट्या टोकावरून ओवली, सरकवत सरकवत कानांपर्यंत नेली आणि हातोडीने हलकेच ठोकली. रिंगच्या आत तिन्ही कान एकदम मिटले. मागून बारक्याने केबल पिळत ओढली. आधी गंजाचा भुगा सांडला, मग थोडं पाणी (ते कोणत्या वर्षीच्या पावसाचं होतं देव जाणे), आणि मग केबल आली. जिथे वाकलेली होती तिथे बाहेर आल्यावरही तशीच वाकलेली राहिली. सरळ व्हायचं नाव नाही.

ही युक्ती जगभरचे मेकॅनिक वापरतात. कुणी पान्याऐवजी पाइपला लावायची क्लिप घालून आवळतात. ती पुस्तकात बहुधा नसते. गाडीच्या पुस्तकांना काढण्याचं महत्त्व फारसं कळलेलंच नाही. ती लिहिणाऱ्यांसमोर बहुतेक वेळा नवी, कोरडी, कधीही ओढ्यातून न गेलेली गाडी असते. बसवण्याचं प्रकरण तर ती एका ओळीत मिटवतात: काढलं त्याच्या उलट क्रमाने करा. दुसरी केबल काढायला पहिलीच्या निम्माही वेळ लागला नाही, कारण आता बारक्या पाना घेऊन आधीच आत जाऊन बसला होता.

दोन्ही केबल गोणपाटात गुंडाळून पुण्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. नाना पेठेतल्या दुकानात मी मॉडेल आणि साल सांगायला सुरुवात केली, पण दुकानदाराने हात वर करून थांबवलं आणि गोणपाटाकडे बघितलं. मी केबल काउंटरवर ठेवल्या. डावी-उजवी लांबीत वेगळ्या आहेत हे त्याने न मोजता सांगितलं, आत गेला आणि तशाच दोन घेऊन आला, काळ्या, चकचकीत, तेलकट. "जुन्या इथंच ठेवू का?" त्याने विचारलं. भंगारात किलोवर जातात. मी नको म्हटलं, कारण दादाला गोठ्याचं फाटक बांधायला हव्या होत्या. तिथे त्या आता घट्ट आहेत, असं कळतं.

नव्या केबल बसल्या, मिस्त्रींनी दांडा ओढला, सहाव्या दातावर गाडी थांबली आणि बारक्याने, मी आणि दादाने मिळून ढकलूनही हलली नाही. पासिंगही झालं. हल्ली बऱ्याच नव्या मोटारींत हा दांडाच नसतो. बीएमडब्ल्यूने २००१ साली सेव्हन सिरीजमध्ये त्याच्या जागी बटण आणलं आणि आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही ते आलं आहे. बोटाने दाबलं की मोटर ब्रेक आवळते. बॅटरी पार उतरली तर तो सोडवायला मात्र मिस्त्रींकडे जावं लागतं, असं मी सांगितल्यावर मिस्त्रींचा चेहरा उजळला.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर ती सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक आज एकदा ओढून बघा, आणि तेवढाच महत्त्वाचा म्हणजे सोडूनही बघा. आठवड्यातून काही वेळा वापरलात तर केबल सरकती राहील. केबलवरचं प्लॅस्टिक कुठे फाटलेलं दिसलं तर पावसाळ्याआधी बदलून घ्या. मिस्त्रींना तुमच्यासाठी कमी चहा लागतील. आणि चढावर चाकाला दगड लावलाच असेल, तर निघताना तो रस्त्यावर सोडून जाऊ नका. मागून अंधारात मोटारसायकलवाला येत असतो.